बिनपत्त्याची तक्रार

इंग्रज माणूस स्वतःवरच एक विनोद करतो. नवराबायको हॉटेलात जेवायला बसली आहेत. सूप गार आहे, पाव शिळा आहे आणि शेजारच्या टेबलावर नंतर आलेल्यांना आधी वाढून झालं आहे. नवरा मान खाली घालून हे सगळं बायकोपाशी बोलून दाखवतो. बायको त्यात दाराच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्याची भर घालते. तेवढ्यात वेटर येऊन विचारतो, ‘सगळं ठीक आहे ना?’ दोघंही चेहरा उजळवून सांगतात, ‘अगदी उत्तम!’ वेटर वळला की पुन्हा सुरू.

वेटर यायच्या आधी आणि तो गेल्यावर जे चाललं होतं, त्याला इंग्रजीत ‘ग्रंबल’ म्हणतात. शब्दकोशात अर्थ सापडतो ‘कुरकुरणे’, आणि तो चुकीचाही नाही. पण शब्दाची खरी खोच आवाजाच्या पट्टीत नसून ऐकणाऱ्यात आहे. ‘कंप्लेन’ करणाऱ्याला कुणीतरी दाद द्यायची असते. तिथे खिडकी असते, अर्ज असतो, पोच असते, उत्तराची अपेक्षा असते. ग्रंबल करणारा ज्याने काही करायला हवं त्याच्याशी बोलतच नाही. तो बाजूच्याशी बोलतो, हवेशी बोलतो, फार तर स्वतःच्या मिशीशी. आपलं बोलणं पोचावं असं त्याला मनातून वाटत असतं. फक्त ते आपण बोललो असं कुणी सिद्ध करू नये. ही बिनपत्त्याची तक्रार.

गंमत अशी की आपल्याकडच्या ‘तक्रार’ या शब्दाचं मूळ या कुरकुरीलाच जास्त शोभतं. अरबीत ‘तकरार’ म्हणजे पुनरावृत्ती, तेच ते पुन्हा करणं. फारसीतून मराठीत येईपर्यंत त्याला भांडणाचा आणि गाऱ्हाण्याचा अर्थ चिकटला आणि आता तो सरकारी नोंदवहीत जाऊन बसला आहे. शब्द असेच घरं बदलतात. इंग्रजीतल्या कुरकुरीच्या शब्दांनी तर गेल्या सहाशे वर्षांत इतकी घरं बदलली आहेत की एकाच वाक्याच्या भाषांतरांत ती सगळी हलवाहलव दिसते.

ते वाक्य बायबलमधलं आहे. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात इस्राएली लोक मिसरच्या गुलामीतून सुटून रानात आले आहेत. सुटकेला महिना उलटलाय, बरोबरची शिदोरी संपलीय, आणि आता त्यांना मिसरमधली मांसाची भांडी आठवू लागली आहेत. गुलाम होतो, पण पोटभर जेवत तरी होतो, असा एकूण सूर. सगळी मंडळी मोशे आणि अहरोन या आपल्या पुढाऱ्यांविरुद्ध कुरकुर करू लागते. मराठी बायबलमध्ये इथे ‘कुरकुर’ हाच शब्द आहे. मूळ हिब्रू क्रियापद एकच. पण इंग्रजी भाषांतरकारांना ते प्रत्येक काळात वेगळ्या शब्दाने सांगावं लागलं.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस जॉन विक्लिफच्या मंडळींनी लॅटिनवरून इंग्रजी बायबल केलं, तेव्हा त्यांनी इथे ‘ग्रच’ हे क्रियापद वापरलं. १६११ साली किंग जेम्स राजाच्या आज्ञेने झालेल्या प्रसिद्ध भाषांतरात ‘मर्मर’ आलं. १९७८ साली पूर्ण झालेल्या न्यू इंटरनॅशनल आवृत्तीत ‘ग्रंबल’ आहे आणि १९८९च्या न्यू रिवाइज्ड स्टँडर्ड आवृत्तीत सरळ ‘कंप्लेन’. लोक तेच, रान तेच, भूक तीच. शब्द मात्र चार.

यातल्या पहिल्या दोन शब्दांचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. ‘ग्रच’ म्हणजे तोंडातल्या तोंडात पुटपुटत नाराजी दाखवणं. जुन्या फ्रेंचमधून आलेला हा शब्द उच्चार बदलत बदलत ‘ग्रज’ झाला. आज इंग्रजीत एखाद्याबद्दल ग्रज धरणं म्हणजे मनात आकस ठेवणं, डूख धरणं. म्हणजे शब्दातून आवाज गेला आणि नाराजी उरली. ती ओठांवरून निघून पोटात जाऊन बसली. ‘मर्मर’चं नेमकं उलटं झालं. त्यातली नाराजी झडली आणि आवाज उरला. आता इंग्रजीत ओढा मर्मर करतो, पानं करतात, प्रेमिक एकमेकांच्या कानाशी करतात. डॉक्टर छातीला नळी लावून हृदयात मर्मर आहे म्हणतो, तेव्हा हृदय कशाबद्दल नाराज आहे असं कुणी विचारत नाही. जुन्या अर्थाचा अवशेष एक-दोन ठेवणीतल्या वाक्प्रचारांत राहिला आहे. एखाद्याने ‘विदाउट अ मर्मर’ दंड भरला, म्हणजे हूं की चूं न करता भरला. किंग जेम्सची आवृत्ती आजही जशीच्या तशी वाचणाऱ्या इंग्रज मुलाला मात्र इस्राएली लोक रानात काहीतरी गोड कुजबुजत होते असं वाटायची शक्यता आहे. नव्या भाषांतरकारांनी शब्द बदलला तो याच भीतीपोटी, असं मला वाटतं.

संस्कृत शिकलेल्या वाचकाला ‘मर्मर’ ऐकून चटकन अमरकोश आठवेल. तिथे वस्त्रांच्या आणि पानांच्या आवाजाला मर्मर म्हटलं आहे. लॅटिनमध्येही ‘मुर्मुर’ आहे. आवाजावरून घडलेल्या शब्दांच्या बाबतीत रक्ताचं नातं कुठे संपतं आणि कानांची सारखी सवय कुठे सुरू होते हे सांगणं कठीण असतं. पण नाराजीच्या इंग्रजी शब्दांत ‘ग्र’ आणि ‘म’ हे दोन आवाज पुन्हा पुन्हा येतात हे खरं. एकात घसा घासतो, दुसऱ्यात ओठ मिटतात. तोंड न उघडता बोलायचं तर एवढीच सोय आहे.

मर्मरचा एक फाटा पक्ष्यांकडेही गेला. १४८६ साली इंग्लंडात छापलेल्या ‘बुक ऑफ सेंट ऑल्बन्स’ या शिकारीच्या पुस्तकात प्राण्यांच्या कळपांना द्यायच्या नावांची यादी आहे आणि तीत स्टार्लिंग पक्ष्यांच्या थव्याला ‘मर्मरेशन’ म्हटलं आहे. हिवाळ्यात सोलापूर-पुण्याकडच्या ज्वारीच्या शिवारांवर भोरड्यांचे थवे संध्याकाळी आकाशात लाटांसारखे वळतात. भोरडी ही स्टार्लिंगच्याच कुळातली. आपल्या वर्तमानपत्रांच्या इंग्रजी आवृत्त्या तिच्या फोटोखाली हाच शब्द छापतात.

पण विषय कुरकुरीचा आहे, आणि निर्गममधल्या त्या प्रसंगातली एक गोष्ट सांगायची राहिली. मोशे लोकांना सांगतो की तुमची कुरकुर आमच्याविरुद्ध नाही, ती देवाविरुद्ध आहे. पुढाऱ्याने केलेली ही फार हुशार चाल म्हणायची. लोकांनी पत्ता न घालता टाकलेल्या तक्रारीवर मोशेने स्वतःच पत्ता घातला, आणि तोही असा की पुढे बोलायची कुणाची छाती होऊ नये. कुरकुरीला सत्ता भिते ती याचसाठी. उत्तर द्यायला समोर माणूस नसतो, म्हणून आधी तिचं रूपांतर उघड बंडात किंवा उघड पापात करून घ्यावं लागतं.

ख्रिस्ती मठांनी हे पाप बरंच मनावर घेतलं. इटलीतल्या माँते कसिनो इथल्या संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यावर युरोपातले मठ पुढे शेकडो वर्षं चालले. तीत ‘मुर्मुरात्सियो’ म्हणजे कुरकुर हा शब्द इतक्यांदा येतो की बेनेडिक्टला मत्सर किंवा आळसापेक्षा तिचाच जास्त ताप झाला असावा. आज्ञा पाळली पण मनातल्या मनात कुरकुर केली, तर ती आज्ञा पाळली असं धरू नये, असं तो सांगतो. हे झालं उपदेशाचं. पण मला त्याची खरी समज दिसते ती स्वयंपाकघराच्या नियमात. मठात सगळे भाऊ पाळीपाळीने आठवडाभर स्वयंपाक आणि वाढप करत. दुसऱ्यांना वाढताना यांच्या पोटात कावळे ओरडत असणार. म्हणून जेवणाच्या तासभर आधी वाढप्यांना ठरल्या वाट्यापेक्षा जास्तीचा पाव आणि पेय द्यावं, म्हणजे ते कुरकुर न करता वाढतील, असा त्याचा नियम आहे. कुरकुर हे पाप असेल, पण तिचा उगम रिकाम्या पोटात आहे हे त्याला ठाऊक होतं. आणखी एका ठिकाणी तो मठाधिपतीला सांगतो की भावांवर ‘न्याय्य कुरकुर’ करायची वेळ येणार नाही असं काम आखावं. कुरकुर न्याय्यही असू शकते हे कबूल करणारा धर्मगुरू विरळा.

मठातून बाहेर राजकारणात आलं की कुरकुरीला टोपणनावं मिळू लागतात. ‘ग्रंबल’ हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. फ्रेंचमध्ये दातांमधून पुटपुटण्याला ‘ग्रोमले’ म्हणत, त्यावरून. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ नाटकात एरिअल हा जादूने बांधलेला सेवक मालकाकडे सुटका मागताना ग्रज आणि ग्रंबल हे दोन्ही शब्द एकाच दमात उच्चारतो. मी ही दोन्ही न करता राबलो, हा त्याचा दावा. म्हणजे त्या काळी चांगला नोकर कोण, याची व्याख्याच कुरकुरीवरून होत होती. सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या पार्लमेंटात दरबाराला विरोध करणाऱ्या गटाला सरकारी बाजूचे लोक ‘ग्रंबलटोनियन’ म्हणू लागले. यांना तत्त्वबित्त काही नाही, पदं मिळाली नाहीत म्हणून कुरकुरतात, असा त्यातला टोमणा. विरोधकाच्या मुद्द्याला उत्तर न देता त्याच्या स्वभावावर बोट ठेवायचं, ही युक्ती तेव्हाही नवी नसेल.

आणि १७०५ साली लंडनमध्ये बर्नार्ड मँडेविल या डच डॉक्टरने ‘द ग्रंबलिंग हाइव्ह’ नावाचं एक लांबलचक पद्य छापलं. एका भरभराटीच्या पोळ्यातल्या मधमाश्या सगळीकडे लबाडी चालते म्हणून सारखी कुरकुर करतात. वैतागून देव त्या सगळ्यांना प्रामाणिक करून टाकतो. मग वकिलांना काम उरत नाही, कुलूपवाल्यांना गिऱ्हाईक उरत नाही, चैनीच्या वस्तू कुणी घेत नाही, आणि पोळं ओस पडतं. मँडेविलने पुढे हेच वाढवून १७१४ साली ‘फेबल ऑफ द बीज’ हे पुस्तक केलं आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. अर्थशास्त्राचे अभ्यासक ते पुस्तक आजही काढतात ते दुर्गुणांतून होणाऱ्या समृद्धीच्या मुद्द्यासाठी. मला त्यात कुरकुर करणाऱ्यांबद्दलचा तिरकसपणा जास्त जाणवतो: ज्या लबाडीवर आपलं पोट चालतं, तिच्याबद्दलच माणूस सर्वांत मोठ्या तोंडाने बोलतो.

कुरकुरीचं खरं माहेर मात्र सैन्य. नेपोलियनच्या ओल्ड गार्डमधल्या जुन्याजाणत्या शिपायांना ‘ग्रोन्यार’ म्हणत, म्हणजे कुरकुरे. बूट, भाकरी, चिखल, लांबलेली कूच, सगळ्याबद्दल ते बोलत, सम्राटाला ऐकू जाईल अशा बेताने बोलत, आणि हुकूम आला की सगळ्यांच्या पुढे चालत. तेव्हा ही मुभा कमावलेली होती. नव्या शिपायाने तेच केलं असतं तर चालवून घेतलं नसतं. सैन्यात कुणी किती कुरकुरायचं हे त्याच्या नोकरीच्या वर्षांवरून ठरतं, ही गोष्ट आपल्या सरकारी कचेऱ्यांनाही अपरिचित नाही.

ब्रिटिश सैन्याने इंग्रजीला दिलेला शब्द ‘ग्राउस’. हा १८८०च्या दशकात लेखी सापडू लागतो आणि त्याच्या सुरुवातीच्या वापरांत रडयार्ड किपलिंगच्या शिपायांच्या गोष्टी येतात. किपलिंगचा जन्म १८६५ साली मुंबईत झाला, वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत. इंग्लंडात शिकून तो १८८२ साली लाहोरला ‘सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट’मध्ये कामाला लागला. तिथल्या किल्ल्यात आणि मियाँमीर छावणीत गोऱ्या पलटणी असत. उकाडा, ताप, कंटाळा आणि बिअर यांत दिवस काढणाऱ्या त्या शिपायांची बोली त्याने उचलली आणि छापली. ग्राउस नावाचा एक पक्षी स्कॉटलंडच्या माळरानांवर असतो. पण त्या पक्ष्याशी या क्रियापदाचं नातं कुणी दाखवू शकलेलं नाही. कोशकार बोट दाखवतात ते जुन्या फ्रेंचमधल्या कुरकुरीच्या शब्दाकडे, ज्यातून ग्रच आणि ग्रज आले त्याच कुळाकडे, आणि तेही ‘बहुधा’ असं म्हणूनच.

पहिल्या महायुद्धात लाखो साधी माणसं सैन्यात गेली आणि हा शब्द घरोघरी पोचला. खंदकातल्या ग्राउसचा आवडता विषय म्हणजे जॅम. डब्यामागून डबे यायचे ते आलुबुखार आणि सफरचंदाच्या जॅमचे. स्ट्रॉबेरीचा जॅम कधी आघाडीपर्यंत पोचतच नसे. तो मागच्या मागेच फस्त होतो, असा शिपायांचा ठाम समज. ब्रूस बेर्न्सफादर या अधिकारी-व्यंगचित्रकाराने यावर एक चित्र काढलं: खंदकात बसलेला शिपाई हातातल्या डब्याकडे पाहून स्ट्रॉबेरी येणार तरी कधी असं विचारतो आहे. चित्र तुफान गाजलं. तोफांबद्दल, गॅसबद्दल, मरणाबद्दल बोलता येत नव्हतं, म्हणून सगळा राग जॅमवर निघत होता असं मला वाटतं. ग्राउसचा विषय नेहमीच खऱ्या दुःखापेक्षा लहान असतो.

सैन्याने एवढी कुरकुर चालवून का घेतली याचं उत्तर त्याच्या कायद्यात आहे. १८८१च्या ब्रिटिश आर्मी ॲक्टमध्ये शिपायाला वरिष्ठांकडे तक्रार करायचा हक्क होता, पण ती ज्याची त्याने, आपापल्या नावाने. चौघांनी मिळून केली की तिला बंडाचा वास येऊ लागे. आजच्या भारतीय सैन्यातही सामूहिक अर्ज चालत नाही. म्हणजे एका बाजूला एकट्याचा लेखी अर्ज, त्यात नाव उघडं पडायची भीती. दुसऱ्या बाजूला सगळ्यांचं बंड, त्यात फाशीची भीती. या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ग्राउस राहतो: सगळ्यांचा, पण कुणाच्याच नावावर नसलेला.

ही मधली जागा बंद झाली तर काय होतं ते मुंबईने पाहिलं आहे. १९४६ सालच्या फेब्रुवारीत कुलाब्याच्या एच.एम.आय.एस. तलवार या नौदलाच्या सिग्नल प्रशिक्षण केंद्रात हिंदी नाविक जेवणाबद्दल, पगाराबद्दल आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिवराळ भाषेबद्दल बरेच दिवस धुमसत होते. काहींनी नियमाप्रमाणे एकेकट्याने लेखी तक्रारीही दिल्या, कारण एकत्र दिली तर ते बंड ठरलं असतं. त्यांतून काहीच निघालं नाही. १८ फेब्रुवारीला नाविकांनी ते जेवण घ्यायचं नाकारलं. काही दिवसांतच बंदरातल्या जहाजांवरून ब्रिटिश निशाण उतरलं होतं, रस्त्यांवर गिरणी कामगार उतरत होते, आणि कराचीपर्यंत लोण गेलं होतं. ७८ जहाजं आणि सुमारे २०,००० नाविक हा आकडा इतिहासाच्या पुस्तकांत येतो. २३ तारखेला उठाव थांबला. सुरुवात निकस डाळ-भाताच्या कुरकुरीपासून झाली होती. त्यामागे स्वातंत्र्याची हवा होतीच, पण रोजच्या ताटाशिवाय ती हवा एवढी पेटली नसती.

अमेरिकन अभ्यासक जेम्स स्कॉट याने या मधल्या जागेवरच आपलं बरंचसं काम केलं. १९७०च्या दशकाच्या शेवटी तो मलेशियातल्या एका भातशेतीच्या गावात राहिला आणि त्यावर १९८५ साली ‘वेपन्स ऑफ द वीक’ हे पुस्तक लिहिलं. कापणी-मळणीची यंत्रं आल्यावर मजुरी गेलेले गरीब लोक मोर्चा काढत नव्हते. ते काम रेंगाळवत, माघारी टवाळी करत, नावं ठेवत. पुढच्या एका पुस्तकात त्याने ग्रंबलबद्दल थेट लिहिलं आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की कुरकुर करणाऱ्याला आपली नाराजी पोचवायची असते आणि जबाबदारी मात्र घ्यायची नसते. मालकाने ‘काय म्हणालास?’ असं विचारलं तर ‘काही नाही’ असं म्हणायची वाट उघडी राहावी लागते. सुस्कारा, कण्हणं, भांडं जरा जास्त आवाज करून ठेवणं, हे सगळं त्यातच आलं. सासुरवास सोसलेल्या बायकांना हे कळायला अमेरिकन प्राध्यापक लागला नसता, हेही खरं.

आता वापराकडे. यातले काही शब्द शरीरावरून ओळखता येतात. ग्रंबल खालच्या पट्टीत, पोटातून येतो. म्हणून इंग्रजीत ढगही ग्रंबल करतात आणि अधूनमधून दुखून गप्प बसणाऱ्या अपेंडिक्सला ‘ग्रंबलिंग अपेंडिक्स’ म्हणतात. ‘व्हाइन’ नाकातून, वरच्या पट्टीत येतो: किरकिरं पोर, दाराबाहेर ठेवलेला कुत्रा. व्हाइनचा ब्रिटिश भाऊ ‘विंज’. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाने ब्रिटनमधून माणसं आणण्यासाठी अवघ्या १० पौंडांत बोटीचं तिकीट दिलं. आलेल्या इंग्रजांना तिथला उन्हाळा, माश्या, चहा यांतलं काहीच पसंत पडेना. तेव्हा ऑस्ट्रेलियनांनी ‘विंजिंग पॉम’, म्हणजे कुरकुरा इंग्रज, हे विशेषण त्यांना कायमचं चिकटवलं. अमेरिकेत मात्र विंज फारसा ऐकू येत नाही.

‘मटर’ म्हणजे पुटपुटणं. मराठी कानाला वाटाणा आठवतो, त्याला इलाज नाही. मर्मर मायेचा असू शकतो, मटर कधीच नसतो. राजकारणाच्या बातम्यांत ‘मटरिंग्ज’ आले की समजावं, आपल्याकडचे वार्ताहर ज्याला ‘पक्षात धुसफूस’ म्हणतात तेच चाललं आहे: कुणी नाव देऊन बोलत नाही, पण सगळ्यांना कळलेलं आहे.

‘ग्राइप’ हा आपल्या घरात सर्वांत जुना. मूळ अर्थ घट्ट पकडणं, मुठीत आवळणं. त्यावरून पोटात मुरडा येणं, आणि त्या मुरड्यावरचं औषध म्हणून इंग्लंडातल्या विल्यम वुडवर्डने १८५१ साली काढलेलं ग्राइप वॉटर. पोटात कळ आलेलं मूल कुरकुरतं. अमेरिकन बोलीत विसाव्या शतकात ग्राइपचा अर्थ तेवढाच उरला. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी बोलायला लागायच्या आधी हा शब्द चमच्याने घेतला आहे.

शब्द निवडताना आपण कुणाच्या बाजूने बोलतो हेही उघड होतं. बर्ट्रांड रसेलने १९४८ साली बीबीसीच्या ‘ब्रेन्स ट्रस्ट’ कार्यक्रमात एक खेळ मांडला होता: एकाच गुणाला स्वतःसाठी दृढ निश्चय म्हणायचं, समोरच्यासाठी हट्ट आणि तिसऱ्यासाठी आडमुठेपणा. तोच खेळ इथे लावून पाहा. माझी रास्त ‘ग्रीव्हन्स’ असते, तू ‘ग्रंबल’ करतोस, तो ‘विंज’ करतो. म्हणून इंग्रजी बातमीत कामगारांच्या मागण्यांना ‘ग्राइप्स’ म्हटलेलं दिसलं, तर बातमी कुणाच्या खुर्चीत बसून लिहिली आहे याचा अंदाज करावा. भारतीय इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘ग्राउस’ मात्र सर्रास आणि कसलाही टोमणा नसताना येतो. मथळ्यात ‘ग्रीव्हन्स’ मावत नाही, ‘ग्राउस’ मावतो, एवढंच त्याचं कारण असावं. छावणीतला शब्द असा आपल्या इंग्रजीत सभ्य होऊन बसला.

शब्दयोगी अव्ययांचा एक बारकावा लक्षात ठेवावा. कशाबद्दल कुरकुर, ते सांगायला ग्रंबल, ग्राउस आणि ग्राइप या तिन्हींपुढे ‘अबाउट’ चालतं. ‘कंप्लेन ऑफ’ मात्र दुखण्यासाठी राखून ठेवलेलं आहे: रोगी डोकेदुखी ‘ऑफ’ कंप्लेन करतो, भाडेकरू गळक्या छपराबद्दल ‘अबाउट’.

आणि बँकेला, वीज कंपनीला किंवा विमान कंपनीला इंग्रजीतून पत्र लिहायची वेळ आली, तर या प्रकरणातला एकही रंगीत शब्द वापरू नका. तिथे ‘कंप्लेंट’ लिहा, तारीख घाला, खातेक्रमांक घाला आणि खाली सही करून पोच मागून घ्या. पत्र ऑस्ट्रेलियाला जाणार असेल तर ‘ग्राउस’ तर चुकूनही नको. तिथल्या बोलीत त्याचा अर्थ ‘फर्स्ट क्लास, झकास’ असा होतो.